चौथ्या पिंजऱ्यातली पिवळी मका

किसन खरात गेल्याचे मला नोटिशीतून कळले. तिसऱ्या तासानंतर शिपाई नोटीसवही घेऊन स्टाफरूममध्ये आला आणि एकेकापुढे धरू लागला. आम्ही सर्वांनी डाव्या हातातला चहाचा कप खाली न ठेवता उजव्या हाताने सह्या केल्या. ‘महाविद्यालयाचे सेवक श्री. खरात यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले असून शोकसभा दुपारी चार वाजता सभागृहात होईल.’ माझ्याआधी सही करणारे वनस्पतिशास्त्राचे जोशी म्हणाले, “खरात म्हणजे कोण हो? फाटकावरचा?” मी म्हणालो, “हो, फाटकावरचा.” आणि सही केली. हा माणूस अकरा वर्षे माझ्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेचा परिचर होता, आणि तो फाटकावर गेला तो जोशींच्या एका विनोदामुळे व माझ्या मौनामुळे, एवढे तरी मला तेव्हा म्हणता आले असते. जोशींना तो कोण हेही नीट आठवत नव्हते. मला आठवत होते, आणि म्हणून माझा अपराध जोशींपेक्षा मोठा आहे.

शोकसभा अकरा मिनिटे चालली. प्रामाणिक, विनम्र आणि कर्तव्यदक्ष ही तीन विशेषणे आमच्याकडे प्रयोगशाळेतल्या फॉर्मॅलिनच्या बरण्यांसारखी कायम भरून ठेवलेली असतात. माणूस मेला की त्याला त्यांत बुडवायचे आणि झाकण लावायचे. प्राचार्यांनी तेच केले. नंतर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “सरांनी खरातांबरोबर काम केलेले आहे, त्यांनी दोन शब्द बोलावेत.” मी उठलो. सव्वीस वर्षे मी शिकवतो आहे. पन्नास मिनिटे न थांबता बोलण्याचा मला पगार मिळतो. मी म्हणालो, “ते फार कष्टाळू होते…” आणि बसलो. लोकांना वाटले, सरांचा गळा दाटून आला. असल्या गैरसमजांवर मी आयुष्यभर जगत आलो आहे.

या लेखात मी खरातांना ‘ते’ म्हणणार आहे. ते हयात असताना मी एकदाही तसे म्हटले नाही. वयाने ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे होते, आणि मी त्यांना ‘अरे खरात’ अशी हाक मारीत असे. ते हसनाबादचे. छप्पन साली त्यांच्या घराने धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर काही वर्षांनी ते जालन्याला आले आणि आमच्या महाविद्यालयात लागले. सातवीपर्यंत शिकलेले. अक्षर मात्र असे वळणदार की बेडकांच्या बरण्यांवरची नावे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावीत. लॅटिन नावे त्यांना वाचता येत नसत. ती ते चित्र काढावे तशी उतरवीत, आणि त्यांत कधी चूक होत नसे. आमच्या पदवीधर डेमॉन्स्ट्रेटरच्या हातून मात्र चुका होत.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी डॉक्टरेटच्या मागे लागलो. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हते. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणसे नावाआधी ‘डॉ.’ लावून औरंगाबादहून येऊ लागली होती. विषय मार्गदर्शकांनी दिला: अ जीवनसत्त्व आणि कोंबडीच्या पिल्लांची जंतुसंसर्गाला तोंड देण्याची शक्ती. मांडणी सोपी होती. विलायती पांढऱ्या कोंबडीची एका दिवसाची पिल्ले आणायची, चार पिंजऱ्यांत वाटायची, चारही पिंजऱ्यांना अ जीवनसत्त्व नसलेले खाद्य घालायचे आणि पहिल्या दोन पिंजऱ्यांतल्या पिल्लांना वरून शार्कच्या यकृताच्या तेलाचे थेंब पाजायचे. काही आठवड्यांनी चारही पिंजऱ्यांना पांढऱ्या हगवणीचे जंतू द्यायचे. पहिले दोन पिंजरे बहुतांशी वाचावेत, तिसरा आणि चौथा मरावा, अशी अपेक्षा. मरणाऱ्यांवर माझी बढती अवलंबून होती.

या कामात जे जे हाताने करायचे होते ते खरातांनी केले. बल्बच्या उबेसाठी पिल्लांच्या पेट्या त्यांनी बनवल्या, पाण्याची भांडी रोज उकळली, ज्वारी भरडून तीत शेंगदाण्याची पेंड, मीठ आणि चुनखडी मापाने मिसळली, आणि कोणत्या पिंजऱ्याला किती खाद्य घातले हे एका लांबट वहीत दररोज लिहिले. एके सकाळी पिल्लांना थेंब पाजताना त्यांनी विचारले, “सर, ह्या तेलानं जंतू मरत्यात का?” मी नाराजीने सांगितले की जंतू मरत नाहीत, या जीवनसत्त्वामुळे नाकाची, घशाची, आतड्याची आतली त्वचा ओलसर आणि अखंड राहते, ते कमी पडले की ती कोरडी होऊन तडकते आणि जंतू आत शिरतात. त्यांनी थोडा विचार केला. “म्हंजी सारवणासारखं झालं की. सारवलं न्हाई तर जमिनीला भेगा पडत्यात, अन् भेगंतून इच्चू येतो. सारवण काय इच्चवाला मारत न्हाई…” मी म्हणालो, “पुरे. थेंब मोज.” पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, हे सामान्य माणसाला कसे समजवाल? मी सारवणाची उपमा दिली. ते खूश झाले. “उपमा अस्सल मातीतली आहे,” असे त्यांच्यातला एक म्हणाला, आणि मी मान लववून ते कौतुक स्वीकारले.

तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. मंठ्याच्या बाजारातून आणलेली पांढरी ज्वारी तिसऱ्या आठवड्यात संपत आली आणि बाजारात नवी मिळेना. मी मार्गदर्शकांना भेटायला निघालो होतो, बसची वेळ झाली होती. खरात प्रयोगशाळेच्या दारात आडवे आले. “सर, आहे ती ज्वारी तीन पिंजऱ्यांला पुरंल. चौथ्याचं काय करायचं? रेशनवर मका आलीया, पन पिवळी हाय. चालंल का?”

मी घड्याळाकडे पाहिले. “धान्य ते धान्य. पांढरं काय अन् पिवळं काय?”

“न्हाई, बाकी समदं पांढरं चालू हाय, म्हनून इचारलं.”

“तू डॉक्टर होणार आहेस की मी?”

“तुमीच सर,” ते म्हणाले आणि बाजूला झाले.

पिवळ्या मक्यातला पिवळेपणा ज्या द्रव्याचा असतो त्यापासून कोंबडीच्या शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. ही गोष्ट मी स्वतः पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवत असे. परीक्षेत त्यावर प्रश्न घालत असे. माझ्या हाताखालच्या सातवी शिकलेल्या माणसाला नुसता रंग पाहून शंका आली, आणि ज्याचा तो विषय होता त्याला बस चुकण्याची काळजी होती.

जंतू दिल्यावर आठवडाभरात तिसरा पिंजरा जवळजवळ ओस पडला. चौथ्यात दोनच पिल्ले दगावली. बाकीची पंख फुगवून, नखांनी भुसा उकरत, तेल प्यायलेल्या पिल्लांच्या तोडीस तोड जगली. मी स्टाफरूममध्ये हे सांगितले तेव्हा जोशी हसून म्हणाले, “अहो, त्यात काय कोडं आहे? परिचर कोण तुमचा? खरात ना? आता ते भगवान बुद्धांचे. जीवहत्या बघवली नसेल. गुपचूप घास टाकला असेल हिरवा!” सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला ते पटले. पटणे सोयीचे होते. जो धर्म त्यांनी माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी स्वीकारला, त्याचा आम्हाला ठाऊक असलेला अर्थ एवढाच होता की या माणसाला कोंबड्यांची दया येत असणार. आम्ही पाच-सात पदव्युत्तर माणसे त्या खोलीत बसलो होतो, आणि एवढ्या ज्ञानावर आम्ही एका माणसाचा निकाल लावला.

प्राचार्यांपुढे मी त्यांना उभे केले. खरातांना आरोप आधी समजलाच नाही. समजला तेव्हा त्यांना चक्क हसू आले. “दया? साहेब, आमी बौद्ध झालो, पन कोंबडी खायाचं न्हाई सोडलं. दर ऐतवारी कापतो की! पिल्लाची दया मला कशापाई यील?” प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, त्यांना विनोदी उत्तर नको होते. मग खरात गंभीर झाले. “म्या पानसुदिक टाकलं न्हाई. जे घातलं ते वहीत लिवलंय. सरांना इचारून घातलंय. वही बघा.” आणि ते माझ्याकडे पाहत राहिले.

त्या क्षणी मला मका आठवली नव्हती, असे मी गेली सहा वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे असेलही… पण वही दोन खोल्या पलीकडे होती आणि ती आणायला दोन मिनिटे लागली असती. मी प्राचार्यांना म्हणालो, “वहीत माणूस लिहील ते लिहील, साहेब.” दुसऱ्या दिवसापासून खरात फाटकावरच्या स्टुलावर बसू लागले. पगार तोच राहिला, हे प्राचार्यांनी मला उपकार केल्यासारखे सांगितले.

वही मी सात महिन्यांनी उघडली, प्रबंधाचे तक्ते करताना. नोंद स्पष्ट होती, त्याच वळणदार अक्षरात: ‘आजपासून पिंजरा ४ ला पिवळी मका. सरांना विचारले. चालेल म्हणाले.’ मी ती तीन वेळा वाचली, खोलीचे दार लावले आणि बसून राहिलो. मला सगळे कळले. दोष कोणाचा ते कळले, आणि त्याहून वाईट असे की चौथ्या पिंजऱ्याने काय सिद्ध केले होते तेही कळले. शार्कच्या तेलाच्या बाटलीवाचून, रेशनवरच्या मक्याने पिल्ले जंतूंना पुरून उरली होती. जिथे शेकडो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि याच जीवनसत्त्वावाचून पोरांचे डोळे संध्याकाळ झाली की अंधारत होते, त्या मुलखात माझ्या प्रबंधातला हाच पिंजरा लोकांच्या उपयोगाचा होता. तो मी वगळला. वगळण्याचे कारण एका वाक्यात लिहिले आणि वही माझ्या घरच्या कपाटात नेऊन ठेवली.

पदवी मिळाल्याचे जाहीर झाले त्या संध्याकाळी सत्कार आटोपून मी प्रयोगशाळेत हार काढून ठेवत होतो. खरात दारापर्यंत आले, उंबऱ्याच्या आत आले नाहीत. “सर, वही बघितली का?” त्यांचा आवाज शांत होता. मागणी काहीच नव्हती, फक्त विचारणा. मी म्हणालो, “कोणती वही?”

“बराबर,” ते म्हणाले आणि गेले.

शोकसभेनंतर तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्धांच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी मुद्दाम गेलो नाही. तिथे त्यांचे भाऊबंद असते, चारचौघांत काही बोलावे लागले असते. माझ्या पश्चात्तापालासुद्धा गर्दी टाळायची सवय आहे. घरात त्यांच्या पत्नी होत्या आणि मुलगी सुमन, जी आमच्याच महाविद्यालयातून बी.एस्सी. झाली आणि आता मंठ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने खुर्ची पुढे केली. अडीच महिने ते अंथरुणाला खिळून होते हे मला तिथे कळले. आमच्या नोटिशीतला अल्पसा आजार तो हाच. मी मनाशी जुळवून आणलेले सगळे सांगितले: मका, वहीतली नोंद, मी दिलेले उत्तर. सांगताना मला वाटत होते की आता कोणीतरी रडेल, कदाचित मीच.

सुमन म्हणाली, “हे आम्हाला माहीतच आहे, सर. नवीन काय सांगायला आलात?”

तिची आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “त्यांनी तुमाला कधी शिवी दिली न्हाई. म्याच देत व्हते. ते म्हनायचे, जाऊ दे, सायबाला बाकी समदं कळतं, मकाच तेवढी कळत न्हाई.” आणि मायलेकी हसल्या. शोकाच्या घरात माझ्यावर हसल्या, आणि त्या हसण्यात एवढा जुना सराव होता की मला कळून चुकले, या घरात मी सहा वर्षे एक विनोद म्हणून राहत होतो. मी स्वतःला त्यांचा वैरी समजत होतो. तेवढीही माझी योग्यता नव्हती.

“दुसऱ्या वर्षाला तुम्ही आम्हाला जीवनसत्त्वं शिकवलीत,” सुमन पुढे म्हणाली. “सारवणाचं उदाहरण दिलंत. मी पहिल्या बाकावर होते. ते उदाहरण बाबा मला मी मॅट्रिकला असल्यापासून सांगायचे. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, हे मला अमक्यानं सांगितलं. मी तास संपेपर्यंत वाट बघितली.”

“मला क्षमा कर,” मी म्हणालो.

“ते माझ्याकडे कशाला मागता? तुम्ही लेख लिहाल. असे लेख येतात पेपरात, मी वाचते. गरीब होते, पण मोठ्या मनाचे होते, क्षमाशील होते… तसलं काही लिहू नका, सर. त्यांनी क्षमा केली नव्हती. बाबांना मोठं करू नका. तुम्ही जेवढे होता तेवढेच स्वतःला लिहा. आणि त्यांच्याबद्दल जे वाक्य तुम्ही प्रबंधात छापलं, ते आहे ना अजून?”

“आहे.”

“ते लेखात टाका. जसंच्या तसं.”

प्रबंध इंग्रजीत आहे. त्या वाक्याचे मराठी असे होते: ‘परिचराने निष्काळजीपणाने व अनधिकृतपणे हिरवा चारा दिल्यामुळे चौथ्या पिंजऱ्यातील निरीक्षणे अविश्वसनीय ठरली असून ती येथे वगळली आहेत.’ हे वाक्य लिहिताना खरी नोंद माझ्यासमोर उघडी होती. किसन खरात यांनी हिरवा चारा दिला नाही. त्यांनी विचारून, माझ्या सांगण्यावरून पिवळी मका घातली आणि तसे लिहून ठेवले. त्या प्रयोगातली विश्वसनीय अशी एकच वस्तू होती, आणि ती त्यांची वही. ती मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात घेऊन गेलो होतो. प्रबंधाला जोडावी अशी विनंती केली. बांधलेल्या प्रबंधाला काही जोडता येत नाही, असे मला सांगण्यात आले. ज्या सभागृहात शोकसभा झाली तिथेच सर्वांसमोर हे वाचून दाखवण्याची परवानगी मी प्राचार्यांकडे मागितली. ते नवे आहेत, भले आहेत. म्हणाले, “आता कशाला, सर? माणूस गेला. तुमचीही निवृत्तीला पाच-सात वर्षं राहिली.” माणूस गेला म्हणजे त्याच्यावरचा आळही मिटला, असा आमच्याकडे हिशेब आहे. वही आता सुमनजवळ आहे. तिने ती उघडूनही पाहिली नाही. फडक्यात गुंडाळली आणि आईकडे दिली.

महाविद्यालयात येणाऱ्या प्रत्येकासाठी खरात स्टुलावरून उठत. प्राचार्यांसाठी उठत, कारकुनांसाठी उठत, खेड्यावरून प्रवेशासाठी आलेल्या, धोतराचा सोगा सावरत बिचकत उभ्या राहणाऱ्या बापासाठीही उठत आणि त्याला ऑफिस कुठे ते दाखवत. ‘कोणती वही?’ या माझ्या प्रश्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ते माझ्यासाठी उठले नाहीत. मी फाटकातून आत येई आणि ते बसून राहत. मान फिरवत नसत, रोखूनही पाहत नसत, फक्त बसून राहत. ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कोणाच्या लक्षात आली नाही. तक्रार करावी असे तीत काही नव्हते, आणि केली असती तर कारण सांगावे लागले असते. पाच वर्षे, रोज सकाळी पावणेअकरा वाजता, त्या आवारात मला माझी खरी किंमत एका माणसाकडून मिळत होती. आता तिथे नवा माणूस आहे. मी दिसलो की तो ताडकन उठतो, हात जोडतो आणि म्हणतो, “नमस्कार, डॉक्टरसाहेब.” काल मी त्याला म्हटले, “माझ्यासाठी उठत जाऊ नकोस.” त्याला वाटले, सर फार साधे आहेत. आज तो आणखी लवकर उठला.